वास्तू तथास्तु म्हणेल म्हणून गप्प बसायचं का?

प्रिय ताई,

आम्ही सांगलीत, गावभागात राहतो. माझं वय ४३, ह्यांचं ४९. हे कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. फेब्रुवारीत एका पहाटे ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून अर्धा तास गेला, मग शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. आता बरे आहेत, कामावरही जातात, फक्त जड काही उचलायचं नाही. पण त्या पहाटे काउंटरवर मेडिक्लेमचं कार्ड मागितलं आणि ते कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांच्या फोनचं लॉक ठाऊक नव्हतं. खाती किती, कुठं, तेही नाही. शेवटी माझ्या बहिणीने मिरजेहून पैसे आणून भरले.

२०१९ च्या पुरात घरात पाणी आलं, तेव्हापासून सगळी कागदपत्रं ह्यांनी माळ्यावर नेऊन ठेवली आहेत. कुठल्या पेटीत काय, ते त्यांनाच माहीत. घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते २०११ साली गेले. एक नणंद कराडला असते. मी विषय काढला की हे म्हणतात, "मी अजून जिवंत आहे." सासूबाई (वय ७४) म्हणतात, "असलं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते." मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, मुलगी नववीत. मी वाईट चिंततेय का? आणि विचारायचं म्हटलं तर नेमकं काय विचारायचं?

— एक वाचक, सांगली

सस्नेह नमस्कार,

तुमच्या गच्चीवर आत्ता कुरडया वाळत असतील. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण वैशाख आहे आणि घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत, तेव्हा नसतील तर नवल. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाची चटणी, डाळींना ऊन देणं. ही बेगमी चालते तेव्हा 'तुम्ही पाऊस ओढवून घेताय' असं सासूबाईंना कुणी म्हणत नाही. पाऊस यायचा तेव्हा येतोच, बेगमी केल्याने तो आधी येत नाही. तुम्ही जे मागताय तेही एवढंच आहे. त्यामुळे तुम्ही वाईट चिंतताय का, या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवणार नाही.

मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. तुम्ही ह्यांना आजवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय: तुम्हाला काही झालं तर? छातीत स्टेंट बसवून आलेल्या, अजून पन्नाशीही न गाठलेल्या माणसाला हा प्रश्न फार थेट लागतो. 'मी अजून जिवंत आहे' हे उत्तर नाहीच, ते दार लावून घेणं आहे. तेव्हा त्या दारावर धडका मारू नका. तुमच्या घराला आणखी दोन दारं आहेत. एक नदीकडचं आणि एक सासूबाईंच्या खोलीचं.

नदीकडचं आधी. गावभागात राहणाऱ्या कुणालाही पुराची तयारी अभद्र वाटत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे तुमच्याकडे शाळेतलं पोरही सांगतं. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि पुणे-बंगळूरु महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. त्या साली तुमच्या घरात हृदयाचा रुग्ण नव्हता, यंदा आहे. एवढं एक वाक्य तुम्ही ह्यांना सरळ म्हणू शकता आणि त्यात मरणाचा उल्लेखही येत नाही. "पुराच्या आधी कागद खाली काढू, एका पिशवीत भरू, रस्ते बंद झाले तर तुमच्या गोळ्या कमी पडायला नकोत." याला ते नाही म्हणणार नाहीत. म्हणाले तर मला पुन्हा लिहा.

ती पिशवी कशी असावी ते सांगते. दोन पदरी प्लास्टिक, तोंड घट्ट बंद होणारं, आणि खांद्याला लावता येईल अशी. आत ह्यांचं डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी आणि गोळ्यांची यादी ठेवा. यादीत गोळीचं नाव, ताकद आणि वेळ तुमच्या अक्षरात लिहा, डॉक्टरांच्या नको, म्हणजे दुसऱ्या गावच्या डॉक्टरलाही वाचता येईल. एरवीच्या साठ्याशिवाय निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्त ठेवा. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या ज्या गोळ्या देतात त्या डॉक्टरांना न विचारता एक दिवससुद्धा बंद करायच्या नसतात. दात काढायला गेले तरी त्या चालू असल्याचं आधी सांगायचं. शिवाय रेशनकार्ड. ते का, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळू शकतात, आणि तिथे पहिल्यांदा आधार आणि रेशनकार्डच मागतात. हजार-दोन हजार रुपये सुट्ट्या नोटांत ठेवा, लाइट गेल्यावर एटीएम आणि फोन दोन्ही रुसतात. सगळ्या कागदांचे फोटो मुलाच्या फोनवर आणि तुमच्या बहिणीच्या फोनवर असू द्या. आधार, लायसन्स यांसारखे कागद सरकारच्या डिजिलॉकर ॲपमध्ये उतरवून घेतले तर मूळ प्रत भिजली तरी काम अडत नाही. घर सोडताना गॅसचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद, आणि जायचं कुठं ते ठरलेलं: मिरजेला बहिणीकडे. ज्याचा फोन लागेल त्याने तिलाच कळवायचं, एकमेकांना शोधत बसायचं नाही. मुलीला हे सगळं आत्ताच सांगा. नववीतल्या पोरीला घरात काय चाललंय ते कळत असतंच, न सांगितल्याने तिची भीती कमी होत नाही.

छातीत दुखण्याबद्दल मी थोडक्यातच सांगते, कारण तो धडा तुम्ही शिकला आहात. पुढच्या वेळी पित्त आहे की नाही हे घरी ठरवायचं नाही. १०८ ला फोन, नाही लागला तर ११२. ह्यांनी स्वतः गाडी चालवायची नाही. जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती कधी, किती आणि कुठल्या परिस्थितीत घ्यायची नाही, हे पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आणि तुम्ही व मुलगा, दोघांनी छातीवर दाब द्यायला शिकून घ्या. माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही, नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबायचं, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. वाचून हे येत नाही. एकदा बाहुलीवर करून बघावं लागतं.

आता दुसरं दार. तुमच्या पत्रात सासूबाई 'वास्तू तथास्तु म्हणते' म्हणणाऱ्या आहेत, पण त्याच घरात २०११ साली विधवा झालेल्याही त्याच आहेत. तुम्हाला ज्याची धास्ती आहे ते त्यांनी भोगून झालंय. एखाद्या दुपारी कुरडया उलटताना त्यांना विचारा, "बाबा गेले तेव्हा तुमचं काय काय अडलं होतं हो?" भविष्याबद्दल नाही, झालेल्याबद्दल विचारा. झालेल्या गोष्टीला वास्तू तथास्तु म्हणत नाही.

मी हे अंदाजाने सांगत नाही. सत्तावीस वर्षं मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसले. मयत खात्यांचे दावे माझ्याच टेबलावर यायचे. समोर बाई बसायची, बरोबर दीर नाहीतर भाऊ, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत दहा वर्षांपूर्वीची लाइट बिलंसुद्धा. कोणता कागद कामाचा हे तिला कुणी कधी सांगितलेलंच नसायचं. मी शिकवल्यासारखं बोलायचे, "नॉमिनी लावायला हवं होतं ना." आज ते आठवलं की मलाच कसंतरी होतं. मग माझे यजमान गेले आणि मी काउंटरच्या बाहेर आले. सगळं माहीत असणाऱ्या मी पहिल्याच महिन्यात काय केलं असेल, तर त्यांचा मोबाइल नंबर बंद केला. उगाच रिचार्ज कशाला, असा विचार. गॅसचं बुकिंग त्या नंबरवर, विमा त्या नंबरवर, लाइट बिलाचा संदेश त्या नंबरवर, म्युच्युअल फंडाचा ओटीपी त्याच नंबरवर. तो नंबर बंद करून मी माझ्याच घराला बाहेरून कुलूप लावलं होतं. चार-पाच महिने गेले ते निस्तरण्यात. तेव्हा ही गोष्ट लिहून ठेवा: माणूस गेला तरी त्याचा नंबर सहा-आठ महिने चालू ठेवायचा. मात्र त्या फोनवरून किंवा त्याच्या एटीएम कार्डाने पैसे काढायचे नाहीत. गेलेल्या माणसाच्या कार्डाने पैसे काढणं नियमात बसत नाही, आणि पुढे वारसांत वाद झाला तर त्या नोंदी सगळ्यांसमोर येतात.

सासूबाई बोलायला लागल्या की ह्यांना बोलवा. आईच्या तोंडून 'मला त्या दिवसांत कुणी काही सांगितलं नाही' हे ऐकणं आणि बायकोने तेच म्हणणं, यात फार फरक आहे. बायकोचं ते टोचणं वाटतं.

आणि घराचा विषयही तिथूनच निघेल. तो मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण मला वाटतं ह्यांची खरी अडचण तिथे आहे. सासरे जाऊन इतकी वर्षं झाली तरी मिळकत पत्रिकेवर त्यांचंच नाव आहे. तुम्ही सगळे त्याला 'आमचं घर' म्हणता, कायदा वेगळं म्हणतो. घर सासऱ्यांनी स्वतः कमावलेलं असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांची पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. म्हणजे सासूबाईंचा तिसरा हिस्सा, ह्यांचा तिसरा, कराडच्या नणंदेचा तिसरा. वडिलोपार्जित असेल तर हिशेब थोडा वेगळा होतो, पण नणंद त्यातून गळत नाही. आणि ह्यांना काही झालं तर ह्यांच्या हिश्श्याचे वारस फक्त तुम्ही नाही. तुम्ही, मुलगा, मुलगी आणि आई, असे चार सारखे वाटेकरी. कित्येक बायकांना हे ऐकून धक्का बसतो. 'नवऱ्याचं ते सगळं माझं' असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

पुरुष हा विषय टाळतात तो पुष्कळदा बहिणीपायी. विचारलं तर ती हिस्सा मागेल अशी भीती, किंवा न विचारता सही घ्यावी लागेल याची लाज. मी इतकंच म्हणेन की नणंदेला विषय कळू द्या, आणि तो राखीपौर्णिमेच्या ताटात घालून नको. ती हक्क सोडणार असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं. साध्या कागदावर किंवा तोंडी 'मला काही नको ताई' म्हटलेलं पुढे टिकत नाही. सोडणार नसेल तर तोही तिचा हक्क आहे. दोन्हींच्या आधी नगर भूमापन कार्यालयात वारसांची नोंद करून घ्या. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, प्रतिज्ञापत्र. हे काम सासूबाई धडधाकट असताना करणं आणि नंतर करणं यांत काही वर्षांचा फरक पडतो. त्या नसतील तेव्हा त्यांच्या हिश्श्याचीही पुन्हा वाटणी येईल. गावाकडे शेती असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंद लागली आहे का तेही बघा.

माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या की काय शोधायचं ते आता सांगते. हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

पासबुकं घेऊन बसा आणि मे अखेर ते जूनच्या सुरुवातीच्या नोंदी बघा. ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना: कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख. २० रुपये वजा झालेले दिसले तर सुरक्षा विमा: अपघाती मृत्यूला २ लाख. बँकेत कुणीतरी फॉर्म पुढे केला म्हणून लोक सही करतात आणि घरी सांगायला विसरतात. माझ्या टेबलासमोर अशा बायका येऊन गेल्या आहेत ज्यांना नवरा गेल्यावर वर्षभराने ती ओळ मी दाखवली. त्यांच्याकडे मागायला पैसे होते, पण ठाऊक नव्हतं.

ह्यांचा पीएफ. तिथे नामांकन कुणाचं आहे ते नक्की तपासा, कारण लग्नाआधी नोकरी लागलेली असली तर आई-वडिलांचं किंवा भावाचं नाव असतं. लग्न झालं की ते जुनं नामांकन पीएफच्या नियमांत बाद होतं आणि नवीन भरावं लागतं. आता ते घरबसल्या भरता येतं. पीएफबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो, नोकरीत असताना मृत्यू झाला तर कमाल ७ लाखांपर्यंत. त्याशिवाय पत्नीला आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांना पेन्शन. त्यासाठी पगारातून वेगळं काही कापलं जात नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

बँकेची नामांकनं. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्याला चार नॉमिनी लावता येतात, टक्के ठरवून किंवा एकामागून एक. तुमचं एक तरी खातं दोघांच्या नावाने असावं, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या अटीवर. त्या पहाटे तसं खातं असतं तर बहिणीला मिरजेहून यावं लागलं नसतं. आणि नॉमिनीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. बँक नॉमिनीच्या हातात पैसे देते, मालकी देत नाही. तो बाकीच्या वारसांसाठी विश्वस्त असतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. कुणाला काय मिळावं हे ठरवायचं असेल तर नामांकन पुरत नाही, मृत्युपत्र लागतं. ते साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या अक्षरात चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच, दोघांनी सही होताना पाहिलेलं हवं. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका. दोघांनीही करा, फक्त ह्यांनीच नाही. तुमच्या अंगावरचं सोनं आहे, ते तुमचं आहे.

जुनी विसरलेली खाती निघतील. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात, पण बुडत नाहीत, वारसाला परत मागता येतात. त्या शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ आहे. सासऱ्यांचं नाव त्यात घालून बघा. गंमत म्हणूनही बघा, सासूबाई बरोबर बसतील.

मेडिक्लेम कारखान्याचा गट विमा असेल तर नोकरी संपली की तो संपतो, हे आत्ताच समजून घ्या. कार्डाचा फोटो तुमच्या पर्समध्ये आणि फोनमध्ये ठेवा, हेल्पलाइनचा नंबर कार्डाच्या मागे असतो.

आणि आता जो प्रश्न तुम्ही विचारलेला नाही पण विचारायला हवा तो: हे पतसंस्थेत कुणाला जामीन राहिले आहेत का? आपल्या भागात मित्राला, मेव्हण्याला, कारखान्यातल्या माणसाला जामीन राहणं हे चहा पाजण्याइतकं सहज होतं. घरी सांगितलं जात नाही, कारण बायको ओरडेल. माळ्यावरच्या पेटीचा धाक ह्यांना कशाचा वाटतो हे मला माहीत नाही, पण अशा एखाद्या कागदाचा वाटत असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. तसं निघालं तर त्या दिवशी भांडू नका. ठरवून भांडू नका. त्या दिवशी ओरडलात तर दुसरी पेटी उघडणार नाही. रक्कम, संस्था, कर्जदाराचं नाव, हप्ते नियमित आहेत का, एवढं वहीत लिहून घ्या. भांडण पुढच्या आठवड्यात करा.

कर्जाबद्दल एक सांगून ठेवते, देव करो आणि त्याची गरज कधी न पडो. माणूस गेल्यावर त्याच्या कर्जाची जबाबदारी वारसांवर येते ती त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. तुमच्या स्वतःच्या पगारातून, तुमच्या स्त्रीधनातून ते कुणी वसूल करू शकत नाही, जोवर तुम्ही स्वतः कर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नाही. म्हणूनच सही घ्यायला लोक लगेच येतात. तेराव्याच्या आत कुठल्याही कागदावर सही करायची नाही, कितीही जवळचा माणूस असो. त्या दिवसांत करण्यासारखं सरकारी काम एकच, मृत्यूची नोंद. ती २१ दिवसांत करायची असते. दवाखान्यात मृत्यू झाला तर दवाखाना कळवतो, घरी झाला तर घरच्यांनी. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या, प्रत्येक दारात एक लागते.

वही म्हटलं, त्यावरून आठवलं. एक दोनशे पानी वही आणा आणि ती *तुमच्यापासून* सुरू करा. ह्यांच्यापासून नाही. दूधवाल्याचा हिशेब कसा, सासूबाईंची बीपीची गोळी कोणती आणि साखरेची कोणती, मुलीला कुठलं औषध सोसत नाही, भिशीत किती हप्ते गेले आणि भिशी कुणाकडे आहे, सोनाराकडे काय दुरुस्तीला दिलंय, कुणाला उसने दिलेत. मग ती वही ह्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, "त्या पहाटे गाडीला अपघात झाला असता, मी गेले असते आणि तुम्ही वाचला असता, तर तुम्हाला आईंची गोळी सापडली असती का?" ह्यांना नाही सापडणार, मी पैजेवर सांगते. घर फक्त आपल्याच डोक्यात आहे असं वाटणाऱ्या माणसाला अर्धं घर बायकोच्या डोक्यात आहे हे कळलं की तो पेन उचलतो. डाव्या पानावर तुम्ही लिहा, उजवं पान त्यांच्यासाठी कोरं सोडा. पासवर्ड आणि पिन मात्र वहीत नकोत. ते बंद पाकिटात घालून लॉकरमध्ये ठेवा आणि लॉकरची किल्ली कुठं आहे ते तुम्ही, ह्यांनी आणि मुलाने, तिघांनीही जाणून घ्या. फोनवर येऊन कुणी त्यातलं काही विचारलं, अगदी बँकेचा साहेब म्हणवून विचारलं तरी सांगायचं नाही. फसलोच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं.

एक शेवटचा विषय, तो याच बैठकीत काढू नका. दिवाळीनंतर बघा. माणूस बरा व्हायची शक्यता राहिली नाही तर त्याला यंत्रांवर किती काळ ठेवायचं, हे तो आधीच लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ च्या जानेवारीत पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन. सासूबाईंच्या मनात याबद्दल तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त स्पष्ट विचार असतील. त्या वयाच्या बायकांशी मी पुष्कळ बोलले आहे. स्वतःच्या मरणाचं त्यांना फारसं अभद्र वाटत नाही, मुलाच्या मरणाचं वाटतं. तुम्हाला गप्प बसवतात तेव्हा त्या मुलाला जपत असतात. तुमच्यावर राग नाही त्यांचा.

मुलगा परीक्षा संपून मेच्या मध्याला येईल ना? मग रविवार ठरवा. माळ्यावर त्यालाच चढवा. ह्यांना जड उचलायचं नाही हे तुम्हीच लिहिलंय, आणि पेट्या काढायच्या म्हटलं की ते शिडी धरून थांबणार नाहीत, स्वतःच चढायला जातील. शिडीपाशी सासूबाईंची खुर्ची टाका, त्या ओरडायला बऱ्या.

तुमची,
ताई